निम्म्या वेगाचे पागनीसकाका

आमच्या विजय नगरच्या इमारतीत पागनीसकाका डीव्हीडी बर्न करायला, म्हणजे कोऱ्या डिस्कवर शूटिंग उतरवायला बसले की त्या मजल्यावर कुणी मिक्सर लावत नाही. लावलाच तर काका दारात येऊन हात जोडतात, "वहिनी, चटणी जरा थांबवा. डिस्क चालू आहे, लाइट हलली की बिघडते."

काकांचे पूर्वज इथल्या संस्थानच्या घोडदळात होते. काका मात्र कुठल्याही वस्तूच्या पूर्ण वेगाच्या वाटेला कधी गेले नाहीत. कोऱ्या डिस्कवर सोळा एक्सचा वेग छापलेला असला, तरी ते ती आठनेच बर्न करणार. "लिहिलंय त्याच्या निम्म्याने, भिया. कंपनी तो कुछ भी बोलेगी, भुगतना अपने को है." हा नियम पुढे पंख्याला लागला, स्कूटरला लागला आणि खोकल्याच्या औषधालाही. पंगतीत तर वाढणाऱ्यासमोर ताटावर हात आडवा धरून, "निम्मं, निम्मं," असं त्यांचं चालू असतं.

सांवेर रोडच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी माल तपासण्यात काढली. ती सवय गेली नाही. डिस्क घ्यायला ते सियागंजच्या बाजारात गेले की दुकानदार आधी चहा मागवतो, कारण आता वेळ लागणार हे त्याला कळतं. एकेक डिस्क उजेडात तिरकी धरून खालचा जांभळा रंग सगळीकडे सारखा आहे का, हे काका बघतात. मग मधल्या कड्यावरचा बारीक नंबर वाचतात. "डब्बा एकाचा असतो, माल दुसऱ्याचा." एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "अंकल, लडकी देख रहे हो क्या?"

"लडकी भी ऐसेही देखी थी," काका म्हणाले. "इसलिए तो रह गया."

इमारतीतल्या मुंजी, बारशी, वाढदिवस, सगळ्यांचं शूटिंग काकाच करतात. एक डिस्क घरच्यांना, एक स्वतःच्या कपाटात. त्यामुळे कपाटात डिस्क आणि कपडे खुर्चीवर. शिवाय प्रत्येक डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बघणार आणि दर दिवाळीला पुन्हा बघणार. "कॉम्प्युटर बोलतो व्हेरिफाय झालं. मी बघितल्याशिवाय ते व्हेरिफाय नाही." मोबाइलच्या जमान्यात हे काय खूळ, म्हणून आम्ही सगळे हसायचो.

मग आईचं वर्षश्राद्ध आलं. परदेशातला माझा मोठा भाऊ त्यासाठी आला. शेवटच्या दिवसांत त्याला येता आलं नव्हतं, आणि आईचा आवाज एकदा ऐकायचा एवढंच त्याचं मागणं होतं. आई चालती-बोलती दिसते असं शूटिंग एकच, तिच्या एकसष्टीचं. ते हार्ड डिस्कवर होतं, आणि हार्ड डिस्क नुसती टकटक करत बसली. घरातल्या डीव्हीडीवर मुलांनी केव्हाच रेघोट्या ओढून ठेवल्या होत्या. भाऊ मान खाली घालून बसला. ते बघवेना, तेव्हा माझी बायको म्हणाली, "अहो, काकांच्या कपाटात असेल ना."

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. काखेत प्लेअर, दोन बोटांत कडेने धरलेली डिस्क आणि मागे अर्धी इमारत. "टेन्शन नको घेऊ, भिया," भावाला म्हणाले. "आठने केलेली आहे."

डिस्क फिरली. टीव्हीवर आई आली, खणखणीत. तिने भावाला हाक मारली, हसली आणि भाऊ लहान मुलासारखा रडला. काकांनी वळून जमलेल्या इमारतीकडे पाहिलं. "सोळाने केली असती तर?" मला तर त्यांना मुजरा करावासा वाटला.

शेवटी आई कॅमेऱ्याकडे वळली. मी सहज काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, आईच्या जरासे आधी.

"भाऊजी, तो कॅमेरा ठेवा आता," टीव्हीतून आई म्हणत होती. "केव्हाचे उभे आहात. आणि निम्म्याने इथे चालणार नाही हं, पोटभर जेवायचं." तिथेच शूटिंग संपलं.

"काका, पाठ आहे तुम्हाला?" मी हळूच विचारलं.

"व्हेरिफाय करावं लागतं ना," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "बराबर शेवटपर्यंत."

बायकोने पानं वाढली, भावाने हात धरून काकांना आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवशी काकांनी ताटावर हात आडवा धरला नाही. खीर तर पुन्हा मागून घेतली.