एकतीस नंबरने एकही चूक केली नाही

बिरामूकचा फुटबॉलचा संघ हरला हे शनिवारीच सगळ्या गावाला कळलं, मैदानावर न गेलेल्यांनासुद्धा. गोल झाला की मैदानाभोवती उभ्या असलेल्या मोटारींचे भोंगे वाजतात. बिरामूकच्या मोटारी गव्हाच्या कोठाराच्या बाजूला उभ्या असतात आणि पाहुण्या संघाच्या मोटारी संडासाच्या बाजूला. त्या दुपारी संडासाकडचे भोंगे इतके वाजले की पाद्रीबाबांच्या कुत्र्याने शेवटी भुंकणं सोडून दिलं. कोठाराकडून एकदाच मोठा भोंगा आला, पण तो क्लबच्या अध्यक्षाला, कीथ डॅल्टनला, डुलकी लागून त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं म्हणून.

हरल्यावर दुसऱ्या दिवशी, चर्च सुटलं की, क्लबच्या खोलीत जमायचं आणि एकेका खेळाडूची हजेरी घ्यायची ही गावची रीत. खेळाडूंना त्या बैठकीला बोलवत नाहीत. तोंडावर बोलणं बरं दिसत नाही, आणि बोलावलं तर ते आपली बाजू मांडत बसतात. बैठकीत दोन गोष्टी ठरतात. खाटकाने बक्षीस म्हणून दिलेलं मटणाचं ताट कुणाला द्यायचं आणि पुढच्या शनिवारी कुणाला बाहेर बसवायचं.

विल्फ नोस्के त्या रविवारी दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या पायाशी मळक्या जर्स्यांची कॅनव्हासची पिशवी होती. लग्न होऊन गावात आल्यापासून ही पिशवी त्याची बायको एल्वा घरी न्यायची आणि शुक्रवारी धुऊन, वाळवून परत आणायची. जूनमध्ये एल्वा गेली. मग काही आठवडे कुणी ना कुणी जर्स्या धुतल्या, आणि शेवटी विल्फने ती पिशवी मागून घेतली.

"तुला कशाला ही कटकट," कीथ म्हणाला होता. "होर्शमच्या लॉन्ड्रीला देऊन टाकू."

"मला करू दे," विल्फ म्हणाला होता.

"बरं. एक आठवडा बघू. नीट झालं तर पिशवी तुझी."

विल्फला पिशवी हवी होती. एकट्या माणसाचे कपडे मशीनच्या तळाशीच राहतात. त्या आठवड्यात मशीन भरलं, मागची दोरी भरली, आणि शुक्रवारी कुणीतरी दार वाजवून विचारलं, "जर्स्या वाळल्या का हो?" जूननंतर त्याच्या दारावर जेवणाचं भांडं हातात नसलेलं माणूस पहिल्यांदा आलं होतं.

पण नीट झालं नव्हतं. पहिल्या खेपेच्या जर्स्या चांगल्या निघाल्या. दुसऱ्या खेपेच्या बाहेर आल्या त्या शाळेतल्या पोरांच्या मापाच्या. त्याच्या मते त्याने दोन्ही खेपांना तेच बटण तसंच फिरवलं होतं. लोकर का रुसली ते त्याला कळलं नाही.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत त्याने पिशवी ओतली आणि तो बाजूला उभा राहिला. कप्तान ग्लेन विजेच्या खांबाएवढा उंच. त्याने आपली एकतीस नंबरची जर्सी छातीला लावून पाहिली. ती बरगड्यांपाशी संपली. त्याने ती शांतपणे खुंटीला अडकवली आणि ढिगाच्या तळातून शेहेचाळीस नंबरची जुनी जादा जर्सी काढली.

"ज्याला जी बसेल ती घाला," तो म्हणाला. "आणि एल्वाच्या नवऱ्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. बाहेरही बोलायचं नाही."

मग जाड्यांनी धड जर्स्या घेतल्या आणि बारीक पोरं आटलेल्यांत शिरली. अर्ध्या संघाच्या पाठीवर दुसऱ्याचाच नंबर आला. पाऊस आला, चिखल झाला, मोटारींच्या काचांवर वाफ धरली. माणसं ओळखू येईनात. नंबर तेवढे दिसत होते.

खोलीत चहाची टाकी उकळत होती. मॉरीन सगळ्यांना कप देत होती. मॉरीन क्लबचं मीट-पायचं, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्रीचं, दुकान सांभाळायची आणि सामना दुकानाच्या खिडकीतून पाहायची. तिचा मुलगा बॅरी सात नंबर घालून खेळायचा. समोर ट्रेव्ह स्टॅनेज बसला होता. तरुणपणी तो संघाचा बचाव सांभाळायचा, उंच उडी मारून चेंडू हातांनी झेलायचा; इथल्या फुटबॉलमध्ये तेच चालतं. आता त्याचे दोन्ही गुडघे गेले होते, पण मतं शाबूत होती.

"चौदापासून सुरू करू," ट्रेव्ह म्हणाला. "चौदा काल कशासाठी आला होता?"

"वारा खायला," मॉरीन म्हणाली. "चेंडू ह्या बाजूला, तर हा त्या बाजूला. एकदा तर माझ्या खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून उभा. मला वाटलं मीट-पाय मागतोय."

"कोरीला काय झालंय?" कीथने विचारलं. चौदा नंबर कोरीचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आळस," मॉरीन म्हणाली. "घरातून वळण नाही. आई काही बोलत नाही ना. आमच्या बॅरीकडे बघा. काल एकटा सात नंबर पळत होता. मी काही आई म्हणून सांगत नाही."

"सात चांगला खेळला," ट्रेव्हने मान्य केलं. "मी त्याला इतकं पळताना कधी पाहिलं नाही."

"मी म्हणतच असते, त्याच्यात आहे ते."

विल्फने चहाच्या कपात पाहिलं. सात नंबरच्या आटलेल्या जर्सीत काल कोरी होता. चौदा नंबरच्या धड जर्सीत बॅरी होता, कारण दुसरी कुठली त्याच्या पोटावरून खालीच येईना.

"कोरी शनिवारी बाहेर," कीथ म्हणाला. "कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. विल्फने पायाने पिशवी जवळ ओढली. बोललं तर पिशवी होर्शमला जाणार. न बोललं तर कोरी बाहेर बसणार, आणि कोरी तर काल आटलेल्या जर्सीने खांदे सोलून रक्त येईपर्यंत पळाला होता.

"आता तो शेहेचाळीस," ट्रेव्ह म्हणाला. "कुठून आणला त्याला?"

"कुणी उसना घेतला असेल शेजारच्या गावातून," कीथ म्हणाला.

"मग परत करा. नुसती उंची. चेंडू वर गेला की हा खाली बघतोय. उंच तर आपला ग्लेनही आहे, पण ग्लेन कसा उडतो? ह्या शेहेचाळीसची ग्लेनचे बूट पुसायचीसुद्धा लायकी नाही."

"आणि ग्लेन?" मॉरीनने विचारलं. "मला काल ग्लेन काही दिसला नाही बाई."

ट्रेव्हने कप खाली ठेवला. या प्रश्नाची तो वाट पाहत असावा.

"नाही दिसला. हेच तर त्याचं मोठेपण. काल एकतीस नंबरने एक तरी झेल सोडला का?"

सगळ्यांनी आठवून पाहिलं.

"नाही," कीथ म्हणाला.

"एक तरी लाथ वाया घालवली? पंचाशी एकदा तरी वाद घातला? घसरला? बाकी सगळ्यांनी चुकांचा पाऊस पाडला. एकतीस नंबरच्या नावावर एकसुद्धा चूक नाही. सामना कळणाऱ्यालाच असा खेळ दिसतो."

"खरंय," कीथ म्हणाला. तो सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये झोपला होता, त्यामुळे त्याला खात्रीने बोलणं भाग होतं. "मी बघत होतो. फार शांत खेळला."

"आणि कपडे किती स्वच्छ," मॉरीन म्हणाली. "सामना संपल्यावर मी खोलीत चहा घेऊन गेले, तर एकतीस नंबर खुंटीला. एक डाग नाही. ह्याला म्हणतात खेळणं."

मटणाचं ताट एकमताने एकतीस नंबरला देण्यात आलं. कीथने फ्रिजमधून ताट काढून टेबलावर ठेवलं. चॉप्स होते, सॉसेज होते, आणि मध्ये एक मोठा तुकडा होता ज्याचं नाव खाटकालाही सांगता आलं नसतं.

विल्फ उठून उभा राहिला.

"एकतीस नंबर कुणी घातलाच नव्हता," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. दोन खेपा, आटलेली लोकर, अदलाबदल, सगळं. ग्लेनने पोरांना गप्प बसायला सांगितलं होतं, तेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने पिशवी उचलून कीथच्या पायाशी ठेवली.

"म्हणजे शेहेचाळीस नंबर ग्लेन होता," कीथ सावकाश म्हणाला.

"हो."

"आणि सातमध्ये?"

"कोरी."

मग मॉरीनने विचारलं, "आणि चौदामध्ये?"

विल्फ तिच्याकडे पाहत राहिला. त्याला ते नाव घेववेना. तिने कप बशीत ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला.

"माझ्या खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून," ती म्हणाली.

"मला वाटतं त्याला भूक लागली असेल," विल्फ म्हणाला.

काल पाहिलेलं सगळं खोटं होतं हे आता कुणीतरी कबूल करायला हवं होतं, आणि खोलीतला प्रत्येक जण दुसऱ्याने करावं म्हणून थांबला होता.

"एक मिनिट," ट्रेव्ह म्हणाला. "चौदा नंबर काल वाईट खेळला की नाही?"

"खेळला," कीथ म्हणाला.

"मग आत कोण होता ह्याने काय फरक पडतो? मी चाळीस वर्षं फुटबॉल बघतोय. मी जे बघितलं ते बघितलं. चौदा पळत नव्हता."

"तेच म्हणते मी," मॉरीन एकदम म्हणाली. "बॅरी आपल्या जर्सीत असा खेळतो का कधी? नाही. चौदानेच त्याला ओढलं खाली. कोरीलाही ती जर्सी कधी लाभली नाही. बिचारा. आई किती कष्ट करते त्याची."

"गेल्या वर्षी चौदा कुणाकडे होती?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"त्या दंतवैद्याच्या पोराकडे. त्याचा पाय मोडला."

एवढ्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. चौदा नंबरला बाहेर बसवण्यात आलं. शेहेचाळीस नंबरबद्दलचं मत ट्रेव्हने बदललं नाही. ग्लेनसारखा ग्लेन आत असून ती जर्सी उडत नसेल, तर ती किती जड असेल याचा विचार करा, असं तो म्हणाला. सात नंबरचं सगळ्यांनी पुन्हा एकदा कौतुक केलं, आणि मॉरीनने ते घरच्यासारखं स्वीकारलं.

"आणि एकतीस?" कीथने विचारलं. त्याची नजर ताटावर होती.

"एकतीसचं काय?" ट्रेव्ह म्हणाला. "तिच्यात कुणी नव्हतं, हे तर जास्तच झालं. कुणाची मदत न घेता एकही चूक नाही."

"पण ताट घरी कोण नेणार? जर्सी तर चॉप्स खात नाही."

ह्यावर थोडा वाद झाला. ग्लेनला द्यावं, तर तो काल शेहेचाळीस होता. खुंटीला द्यावं, तर खुंटी क्लबच्या मालकीची. शेवटी मॉरीन म्हणाली, "तिला तसं कुणी केलं?"

सगळ्यांनी विल्फकडे पाहिलं.

"मी आटवली तिला," विल्फ म्हणाला. "बिघडवली."

"बिघडवली काय? काल आपल्या संघातली एकच गोष्ट मैदानावर गेली नाही, म्हणून एकाच गोष्टीची अब्रू राहिली. होर्शमच्या लॉन्ड्रीवाल्याला हे जमलं असतं का?" मॉरीनने विचारलं.

"त्याने सगळ्याच धड धुतल्या असत्या," ट्रेव्ह म्हणाला. "मग सगळेच खेळले असते."

कीथने पायाने पिशवी परत विल्फकडे सरकवली आणि वर मटणाचं ताट ठेवलं. मग त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो उगाच घसा साफ करत म्हणाला, "एल्वा असती तर हसली असती रे."

"नाही," विल्फ म्हणाला. "आधी मला शिव्या घातल्या असत्या."

"मग हसली असती."

"मग हसली असती," विल्फने मान्य केलं.

त्याने पिशवी खांद्यावर टाकली. चिखलाने ती जड झाली होती आणि एका बाजूने गळत होती. ताट त्याने दुसऱ्या हातात घेतलं. दारापाशी तो थांबला.

"कीथ, शनिवारसाठी कुठल्या जर्स्या धुवायच्या तेवढं सांगून ठेव."

"सात धू," कीथ म्हणाला. "चौदा नको. शेहेचाळीसला पिशवीच्या तळाशी पडू दे. आणि एकतीस पहिली."

"एकतीस कुणाला होत नाही."

"ते माणसाचं माणसाने बघावं. जर्सीने तिचं काम केलंय."

"पण माणसं कोण?"

कीथने ट्रेव्हकडे पाहिलं, ट्रेव्हने मॉरीनकडे. मॉरीन टाकीखालचा गॅस बंद करायला वळली. बाहेर मोटारी सुरू व्हायला लागल्या होत्या. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती आणि रविवारचं भाजलेलं मटण कुणासाठी थांबत नाही.

जर्स्यांचा संघ ठरला होता. माणसांचा अजून ठरायचा होता.