जमनाची वही

भटू आप्पा टॅबचं पान उलटायला बोटाला थुंकी लावत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच. म्हसावदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा. मी तिथली मुख्याध्यापिका, आणि आप्पा चौथीला परिसर अभ्यास शिकवणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. प्रयोगांच्या नोंदी मुलांनी आता टॅबवरच्या वहीत करायच्या, असं वरून ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर बावीसही टॅबना खाकी कव्हर, त्यावर नाव-इयत्तेची चिठ्ठी.

"वहीले कव्हर नको का, ताई?" आप्पा म्हणाले. कॅमेऱ्यापुरतं भोक तेवढं त्यांनी कात्रीने पाडलं होतं.

त्यांचं पालुपद एकच, "लिखी ल्या." कोणत्या वस्तू बुडतात, कोणत्या तरंगतात, हा पाठ चालला होता. मुलांनी बूच टाकलं, खडू टाकला. मग आप्पांनी तोंडातली कवळी काढून बादलीत सोडली.

"बुडनी. लिखी ल्या," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

केंद्रप्रमुख तपासणीला आले. पहिली वही उघडताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पानभर आप्पांच्या कवळीचा फोटो. दुसरी उघडली, तिच्यातही तीच कवळी. तिसरी त्यांनी उघडलीच नाही.

जानेवारीत मी वह्या तपासत होते. जमनाची वही उघडली आणि माझा हातच थांबला. चौथीतली जमना दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. वही मात्र कालच्या दिवसापर्यंत भरलेली. खोट्या नोंदी, आणि त्याही माझ्या शाळेत. मी आप्पांना बोलावलं.

"हजेरीत ती गैरहजरच शे," ते शांतपणे म्हणाले. "वही मी लिखी ऱ्हायनू. ती येई तवय पानं कोरी दिसाले नको."

मी वाचू लागले.

'जमना, तुझ्या नावाने ठेवलेल्या वाटीतल्या मुगाला मोड आले.' खाली फोटो.

'आज सगळ्यांच्या सावल्या मोजल्या. तुझ्या जागी मी उभा राहिलो.'

मग एक नोंद, जिचा प्रयोगाशी काही संबंध नव्हता. 'आज खिचडी एकट्यानेच खाल्ली. तू बसायचीस तशी बाकीची पोरं माझ्याजवळ जेवायला बसत नाहीत.'

आप्पा घरी एकटे असतात, हे मला ठाऊक होतं. शाळेतही ते आता एकटेच जेवतात, हे मी रोज बघूनही कधी पाहिलं नव्हतं. मी टॅब परत दिला.

होळीच्या आठवड्यात जमना आली. ओळीखाली बोट धरून तिने सगळी वही वाचली. मधली सुट्टी झाली तरी उठली नाही. मग एका बोटाने अक्षरं शोधत तिने शेवटच्या पानावर लिहिलं आणि टॅब आप्पांपुढे धरला. मी दारातच उभी होते. आप्पांनी मोठ्याने वाचलं.

"उसाच्या पानाने हात कापतो. रक्त येते. मग माती लावतात."

त्यांनी टॅब बाकावर ठेवला आणि तिच्यासमोर खाली बसले.

"दाखव बरं हात," ते म्हणाले.