शून्य दाव्यांचं गाव

सुट्टीत समुद्रकिनारी जायचं हे बायकोने ठरवलं. कुठल्या समुद्रकिनारी, हे ठरवायचं काम तिने नवऱ्यावर सोपवलं आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

नवरा विमा कंपनीत दावे तपासायच्या टेबलावर होता. सतरा वर्षं. सकाळी दहा ते साडेपाच तो जगात काय काय पडतं, फुटतं, बुडतं आणि जळतं ते वाचायचा. घरी आल्यावर गॅस बंद आहे का ते बघायचा आणि हात धुऊन परत एकदा बघायचा. (मधल्या वेळात कुणी चालू केला असेल तर?) ऑफिसात त्याला सगळे जपूनराव म्हणत. घरी फक्त बायको म्हणायची आणि तेही पाहुणे नसताना.

जपूनरावांना पाण्याची भीती वाटायची. ती साधीसुधी नव्हती. बादली काठोकाठ भरली तरी ते एक पाऊल मागे सरकायचे. पण ही गोष्ट त्यांनी आपल्या नऊ वर्षांच्या लेकीपासून, ठकूपासून, कटाक्षाने लपवून ठेवली होती. "बाबा, तुला पोहता येतं?" असं तिने एकदा विचारलं, तेव्हा "छे, त्यात काय एवढं!" म्हणून त्यांनी हात असा काही उडवला होता, की तिने त्याचा हवा तो अर्थ काढला. जपूनरावांनी तो दुरुस्त केला नाही. आता सुट्टीचं कळल्याबरोबर ठकूने जाहीर केलं, "मी समुद्रात पहिल्यांदा जाणार ती बाबाचा हात धरून. आईचा नाही. आई घाबरते."

आई झुरळालासुद्धा घाबरत नव्हती. जपूनराव मात्र गॅस बघायला उठले. ही पोर जगात फक्त एकाच माणसाला शूर समजत होती आणि ते पद आता जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांच्या फायली काढल्या. लोक सुट्टीसाठी फोटो बघतात, जपूनरावांनी दावे बघितले. एका गावात होडी उलटली होती. दुसऱ्या गावात लाटेने एका गृहस्थाची कवळी नेली होती. तिसरं गाव तसं बरं होतं, पण तिथे छताचा पंखा एका नवविवाहित जोडप्यावर पडला होता. असं करत करत शेवटच्या फायलीशी आले आणि त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. फाईल कोरी होती! वीस वर्षांत त्या गावातून एकही दावा नाही. पाय मुरगळल्याचासुद्धा नाही.

"मिळालं!" ते घरी येऊन म्हणाले. "शांत गाव आहे. इतकं शांत, की तिथे काही होतच नाही."

बायकोने तिथल्या गेस्ट हाऊसला फोन लावला. सुरुवातीला ती मोठ्याने बोलली, मग एकदम हळू बोलायला लागली आणि शेवटी फोन घेऊन बाल्कनीत गेली. आत आली तेव्हा म्हणाली, "झालं बुकिंग. छान हवा आहे म्हणे."

गावात पाऊल ठेवलं आणि जपूनरावांना पहिली धास्ती शांततेचीच बसली. शांतता मागितली होती हे खरं, पण इतकी? रस्त्यावर हॉर्न नाही. दुकानदार हळू बोलत होते. माणसं एकामागे एक, भिंतीच्या कडेने चालत होती आणि झाडून सगळ्यांच्या पायांत नाडीचे बूट होते. चपलेतलं एक माणूस दिसेना. प्रत्येक दाराआड एक भरलेली पिशवी तयार ठेवलेली. रस्त्यावर पिवळे बाण रंगवलेले आणि सगळे बाण समुद्राकडे पाठ करून टेकडीकडे निघालेले.

गेस्ट हाऊसच्या भिंतीवर तर त्यांच्या डोक्याच्याही हातभर वर एक निळी रेघ होती. अगदी सरळ.

"ही रेघ कसली हो?" त्यांनी मालकीणबाईंना विचारलं.

मालकीणबाईंनी आधी बायकोकडे बघितलं. "काही नाही हो," त्या म्हणाल्या. "छान हवा आहे."

जपूनरावांनी दुकानदाराला बाणांबद्दल विचारलं. दुकानदार म्हणाला, "काही नाही हो. छान हवा आहे." खोलीत येऊन त्यांनी ठकूला विचारलं, की दाराच्या मागच्या बाजूला खिळा आहे, पण खिळ्यावर काही टांगलेलं का नाही? (दाराच्या मागे चौकोनी पांढरा डाग होता. तिथे कालपरवापर्यंत काहीतरी होतं हे शेंबडं पोरही सांगेल.) ठकूने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "काही नाही, बाबा. छान हवा आहे."

जपूनराव मटकन पलंगावर बसले. सतरा वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. तीन साक्षीदार शब्दाला शब्द तेच सांगू लागले, की समजावं, पढवून आणलेत. पण स्वतःची नऊ वर्षांची लेक? तिला कुणी पढवलं? आणि वीस वर्षांत एक दावा नाही, याचा अर्थ इथे काही होत नाही असा आहे, की इथे झाल्यावर दावा करायला कुणी उरत नाही असा आहे? हा विचार मनात आला आणि पुढचे दोन दिवस तो तिथेच मुक्कामाला राहिला.

दोन्ही दिवस त्यांनी समुद्र टाळला. पहिल्या दिवशी "ऊन फार आहे" म्हणाले, दुसऱ्या दिवशी "ऊन नाही" म्हणाले. ठकू पिवळी टोपी घालून वाळूत एकटी किल्ले करत बसली. अधूनमधून ती त्यांच्याकडे बघायची आणि परत खणायची. ते बघून जपूनरावांना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको घाईघाईने म्हणाली, "अहो, चला, टेकडीवर जाऊन बसू. डबाबिबा घेतलाय."

"टेकडी? निसरडी असेल. तुम्ही दोघी जा."

"चला ना. आजच्या दिवस माझं ऐका."

"बाबा, चल ना," ठकू त्यांचा हात ओढत म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच गोड होता.

पण जपूनरावांचा वेगळाच बेत होता. या दोघी टेकडीवर गेल्या, की कुणाच्या नकळत समुद्राशी जाऊन तालीम करायची. आज नुसता अंगठा. संध्याकाळी पाऊल. उद्या सकाळी ठकूचा हात धरून ऐटीत घोट्यापर्यंत. ते काही केल्या हलले नाहीत. बायकोने मालकीणबाईंकडे हताश नजरेने बघितलं. मालकीणबाई म्हणाल्या, "जा तुम्ही, ताई. साहेबांना मी बघते." आणि त्यांनी बुटाच्या नाड्या घट्ट केल्या.

अकराला पाच कमी असताना मालकीणबाईंची नजर चुकवून जपूनराव मागच्या दाराने सटकले. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, घड्याळ काढून चपलेत ठेवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "ठकूसाठी," ते स्वतःला म्हणाले आणि एकेक वीत पुढे सरकत उजव्या पायाचा अंगठा लांब केला.

अंगठा पाण्याला लागला आणि गावाचा भोंगा वाजला.

(आपल्या अंगठ्यामुळेच वाजला, असं त्यांना पुढे कित्येक मिनिटं प्रामाणिकपणे वाटत होतं.)

ते जे वळले ते चपला, घड्याळ सगळं तिथेच टाकून पळाले. भोंगा थांबेना. गावातली दारं धडाधड उघडत होती, माणसं पाठीला पिशव्या लावून बाहेर पडत होती आणि न बोलता रांगेने टेकडी चढत होती. तेव्हा कुठे निळी रेघ, बाण आणि बूट यांचा अर्थ जपूनरावांच्या डोक्यात शिरला. लाट! रेघेइतकी उंच लाट!

"पळा! लाट आली! पळा!" असं ओरडत ते अनवाणी रांगेला मागे टाकत सुटले.

"पळू नका हो!" रांगेतून चारपाच जण ओरडले. "पळायचं नाही! चालायचं!"

मरताना कसली शिस्त, असं म्हणत जपूनराव अर्ध्या टेकडीपर्यंत पोचले. तिथे दम घ्यायला थांबले आणि मागे वळून बघितलं. खाली रिकाम्या किनाऱ्यावर काहीतरी पिवळं पडलं होतं. ठकूची टोपी! पोर आपल्याला शोधायला खाली उतरली होती.

आणि मग त्यांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. सगळं गाव वर जात होतं आणि ते एकटे खाली, समुद्राच्या दिशेने धावत सुटले. भीती गेली होती असं मुळीच नाही. ते घाबरून मोठमोठ्याने रडत होते, पण पाय खालीच चालले होते. टोपी उचलून त्यांनी छातीशी धरली आणि पाण्याच्या कडेला उभे राहून "ठकू! ठकू ग!" असा टाहो फोडला. इतक्यात मागून दोन धिप्पाड माणसं आली. त्यांनी काही न विचारता जपूनरावांना स्ट्रेचरवर घातलं, पट्टे आवळले आणि गळ्यात एक पाटी अडकवली.

टेकडीच्या माथ्यावर अख्खं गाव चटयांवर बसून सँडविच खात होतं. मधोमध निवृत्त पोस्टमास्तर हातात स्टॉपवॉच घेऊन, कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"वर्षातून एकदा सराव असतो आमचा," ते स्ट्रेचरकडे वाकून म्हणाले. "आजवर कधी माणूस उलटा धावला नव्हता. आमचं गाव घाबरट आहे साहेब, म्हणून इथे कुणाला काही होत नाही. तुम्ही कुठून आलात?"

जपूनरावांच्या गळ्यातल्या पाटीवर 'जखमी क्रमांक एक' असं लिहिलं होतं.

बायको धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "तरी म्हणत होते, चला म्हणून! मालकीणबाईंनी फोनवरच सांगितलं होतं सरावाचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता. बाकीची सगळी गावं तर तुम्ही नापास केलेली! म्हणून सगळ्यांना 'छान हवा आहे' एवढंच म्हणायला सांगितलं. म्हटलं, कळायच्या आत वर आणून बसवू तुम्हाला."

"आणि ठकू?" जपूनरावांनी टोपी उंच धरली.

"मी इथेच आहे, बाबा." ठकू बोडकीच आईच्या मागे उभी होती. "टोपी वाऱ्याने उडाली. छान हवा आहे ना."

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"खोलीतली सूचनांची पाटी मीच लपवली." ठकू स्ट्रेचरच्या कडेला टेकली आणि जरा वेळाने हळूच म्हणाली, "बाबा, तू पाण्याला एवढा घाबरतोस आणि तरी खाली पळालास?"

"कोण घाबरतं?"

"असू दे," ती म्हणाली आणि त्यांचा पट्ट्यातून बाहेर आलेला हात तिने घट्ट धरला. जपूनरावांना भरून आलं. लेकीला सगळं ठाऊक होतं आणि कधीपासून ठाऊक होतं हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून म्हणाले, "ठकू, चल. आज समुद्रात. मी खोलीतूनच डोळे मिटून घेतो, तू हाताला धरून ने. पाणी आलं की सांग."

"आईला पण घेऊ?"

"नको. आपण दोघंच."

ठकूने त्यांचा हात धरला. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. जपूनरावांचे दात वाजत होते, पण ते थांबले नाहीत. एवढ्यात तळव्याला गार पाणी लागलं. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण त्यांनी पाऊल मागे घेतलं नाही. उलट दुसराही पाय पाण्यात रोवला, छाती पुढे काढली आणि डोळे घट्ट मिटूनच विचारलं, "बघ! घाबरलो का? सांग, किती आत आलो?"

ठकूने त्यांची बाही ओढली.

"बाबा," ती म्हणाली, "मालकीणबाई पायरी धुताहेत. त्या म्हणताहेत, जरा बाजूला व्हा."