हुकूम नव्हे, ठराव!

आमच्या चाळीत रेशनच्या तांदळाला आंबेमोहोर म्हणणं कायद्याने बंधनकारक होतं.

हसू नका. मी एकदा त्याला नुसता तांदूळ म्हणालो, तर मला भर सभेत समज देण्यात आली. देणारे गृहस्थ आप्पा केतकर. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत ते एकटेच राहत. उंची बेताची, आवाज मात्र तीन खोल्यांपलीकडच्या माणसाला दचकवणारा, आणि ऐन वैशाखातसुद्धा अंगात बंद गळ्याचा कोट. "आप्पा, उकडत नाही का?" म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, "अधिवेशन कधी बोलवावं लागेल, सांगता येत नाही."

या माणसावर माझा राग आहे. तो जुना आहे आणि रास्त आहे. का आहे ते कळायला आप्पांचं राज्य कसं चालायचं ते आधी सांगायला हवं.

आप्पा मूळचे एका संस्थानातले. दरबाराच्या सभेत लेखनिक होते. संस्थान एवढंसं, की राजेसाहेबांना शिंक आली तर शेजारच्या संस्थानातून कुणीतरी "सत्य आहे" म्हणायचं. ते विलीन झालं आणि आप्पांच्या हाती एक ट्रंक आणि तुटपुंजं पेन्शन राहिलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. भाडं कमी म्हणून डोंबिवलीला आले. मग देश प्रजासत्ताक झाला. त्या दिवशी सकाळी आप्पांनी दारोदार गुळाचा खडा वाटला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "देशाचं झालं. आता चाळीचं काय?"

चाळीचं काय होणार? नळ येत होता तोवर आम्ही सुखी होतो. पण पुढच्या रविवारी आप्पांच्या खोलीत सतरंजी पसरली गेली, आप्पा पाटावर बसले आणि दहा-अकरा बिऱ्हाडांचं आमचं प्रजासत्ताक सुरू झालं. बायकांनाही मत होतं. ही चूक किती महागात पडली ते पुढे सांगतो. बोलणाऱ्याने उभं राहावं आणि डोक्याला टोपी असावी, एवढी शिस्त. टोप्या तेव्हा कमी होत चालल्या होत्या, म्हणून खुंटीला एक काळी टोपी टांगलेली असे. ज्याला बोलायचं त्याने ती घालायची. चाळीतल्या सगळ्या डोक्यांची तेलं तिच्यात मुरलेली होती. पुष्कळशी भाषणं त्यामुळे थोडक्यात आटपत.

आप्पांचं पालुपद एकच. कुणी म्हणालं, "आप्पांचा हुकूम आहे," की ते बोट वर करत, "हुकूम नव्हे, ठराव!"

दिवस कंट्रोलचे होते. साखर बोटभर, रॉकेल थेंबभर, आणि रेशनचा तांदूळ असा की शिजताना खिडकी उघडावी लागे. तेव्हा आंबेमोहोर कायदा झाला तो लोकांचं मनोधैर्य टिकावं म्हणून. सगळे पाळत. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, आज आंबेमोहोराला फारच बुरशीचा वास येतोय!"

मग चहा कायदा आला. पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारायला मनाई. त्याऐवजी "चहा घेऊनच आला असाल" असं म्हणायचं. एकट्याने म्हटलं तर तो कंजूष ठरतो, सगळ्या चाळीने म्हटलं की ती रीत होते, असं आप्पांचं म्हणणं. पाहुणे कायद्यात रेशनकार्डाशिवाय मुक्कामाला येणारा माणूस परदेशी ठरवला गेला. जावई परदेशी की स्वदेशी, यावर दोन रविवार गेले. शेवटी पाटकर मास्तर टोपी घालून उठले आणि म्हणाले, "जावई ही परदेशी मदत नाही, परदेशी कर्ज आहे." तेवढ्यात त्यांचा स्वतःचा जावई दारात उभा दिसला, म्हणून ठराव पुढे ढकलला.

सगळ्यात गाजला तो अग्नी कायदा. काडेपेट्या मिळेनात, तेव्हा ठरलं की रोज सकाळी एकाच बिऱ्हाडाने काडी ओढून शेगडी पेटवायची आणि बाकीच्यांनी तिथून निखारा न्यायचा. पाळी लावली. पहिल्याच सोमवारी पाळी पाटकरांची की कुलकर्ण्यांची यावर वाद झाला. दोन्ही घरं पेटवीनात. सगळ्या बायका हातात चिमटा आणि थाळी घेऊन गॅलरीत उभ्या. आप्पांनी वादावर तातडीची सभा बोलावली, टोपी फिरली, भाषणं झाली आणि निर्णय झाला तेव्हा चाळीतले सगळे पुरुष चहाविना कचेरीला गेलेले होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली: वाद असल्यास शेगडी सभापती पेटवतील. वाद रोजच होता. त्यामुळे आप्पा पहाटे उठून दारात शेगडी फुलवून बसत आणि येईल तिला निखारा देत. "घ्या वहिनी, मोठा घ्या. मुलगा कसा आहे? खोकला गेला?" असं चाललेलं असे.

आता माझं प्रकरण.

मी साताऱ्याकडचा. कल्याणला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. जुनी भांडी मोडीत घ्यायची आणि नवी विकायची, असा हातगाडीवर धंदा केला आणि त्यातून डोंबिवली स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान उभं केलं. कुणाच्या बापाची मदत नाही. जे केलं ते घासाघिशीवर. समोरच्याने भाव सांगितला की माझ्या तोंडून "नाही" आपोआप निघतं. देवळात पुजाऱ्याने दक्षिणा सांगितली तरी निघतं.

चाळीत भाजी घेऊन यायची सोनूबाय. खाडीकडच्या गावातली, आगरी, डोक्यावर हारा, आवाज आप्पांच्या वरचा. तिच्याशी माझं रोजचं युद्ध. एकदा मेथीच्या जुडीवरून आमचं इतकं चाललं, की ऊन गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं. शेवटी तिने हारा उचलला.

"माजं टकुरं खाल्लंस, आता भाजी कनाला व्हवी तुला? या चालीत परत पाय नाय ठेवनार!"

आणि खरंच नाही ठेवला. चाळ मटकीवर आली. मसूर झाले, वाल झाले, पुन्हा मटकी झाली. डाळ निवडताना सापडलेल्या खड्याकडे बघावं तसं लोक माझ्याकडे बघू लागले.

त्या रविवारी आप्पांनी घासाघीस बंदी कायदा मांडला. भाजीवालीने भाव एकदाच सांगायचा, घेणाऱ्याने एकदाच ऐकायचा. भंग करील त्याने तिचा हारा चाळभर मिरवायचा.

मी टोपी हिसकावलीच. "सभापतिमहाराज, हा कायदा एका माणसाविरुद्ध आहे!"

"कलमात कुणाचंही नाव नाही," आप्पा शांतपणे म्हणाले.

"नाव नाही? 'भांड्यांचा धंदा करणारा कोणीही इसम' असं लिहिलंय! चाळीत भांड्यांचा धंदा दुसरा कोण करतो?"

आप्पांनी विचार केला. "उद्या कुणी सुरू करील. कायदा दूरदृष्टीने करावा लागतो."

"हा हुकूम आहे, हुकूम!"

"हुकूम नव्हे, ठराव! भांडीवाले सभासद, खाली बसा. बाजूने कोण?"

सगळे हात वर गेले. मी वळून बायकांच्या बाजूला पाहिलं. आमच्या हिचा हात वर होता. नजर मात्र भिंतीवरच्या पालीवर.

घरी आल्यावर विचारलं, "तूसुद्धा?"

"मला मेथी हवी होती," ती म्हणाली. "आणि दोन हात वर करता आले असते तर दोन्ही केले असते."

हा माझा राग. माझ्या जन्माच्या कमाईवर कायद्याने बंदी घातली, आणि तीही घरातल्या मतावर. आप्पांनी जातीने सोनूबायच्या गावापर्यंत पायपीट करून तिला परत आणलं. ती आली ती थेट माझ्या दारात. "येक आना जुडी. बोल आता!" मी बोललो. सवय हो. मग तिचा हारा डोक्यावर घेऊन सगळी गॅलरी फिरलो. ती पुढून ओरडत होती, "भाजी घ्या गो, शेठ नवीन ठेवलाय!"

त्या दिवसापासून मी दर रविवारी कायदा रद्द करण्याचा ठराव मांडू लागलो. दर रविवारी तो पडे. मी चिडे, ओरडे, कुलकर्ण्यांच्या सात पिढ्या काढे. आप्पा मला कधी अडवत नसत. उलट वेळ संपली की म्हणत, "भांडीवाले सभासदांचं भाषण अपुरं राहिलेलं आहे. ते पुढच्या रविवारी चालू राहील." एका रविवारी मी तापाने पडलो, तर हे दुपारी मुगाचं कढण घेऊन माझ्या उशाशी हजर.

"विरोध आजारी म्हणून कामकाज तहकूब केलं," म्हणाले. मग जरा पुढे वाकून, "उठल्यावर तेच मुद्दे मांडणार ना?"

मला वाटलं थट्टा करतायत. कढण संपवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आणि मग कंट्रोल उठला.

चाळीत दिवाळी झाली. खरा आंबेमोहोर आला, त्याला काय म्हणावं ते कुणाला सुचेना. पाहुण्यांना चहा मिळू लागला, दोनदा मिळू लागला. घरोघरी काडेपेट्या आल्या आणि पहाटे आप्पांच्या दारात कुणी थांबेनासं झालं. सभेला पहिल्यांदा पाटकर मास्तर यायचे थांबले, मग कुलकर्णी, मग बायका. करायचं काय येऊन? साखर होती, रॉकेल होतं. कायदे कशावर करणार? माझ्याही दुकानात लग्नसराई होती. एका रविवारी सामान न्यायला घरी आलो तेव्हा आप्पांच्या दारावरून गेलो. सतरंजी अंथरलेली होती. कोट घालून आप्पा पाटावर बसले होते. समोर कुणी नव्हतं. ते कामकाज चालू असल्यासारखे सरळ बसले होते. मी पाय न वाजवता पुढे सरकलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांचा पुतण्या बापू त्यांना न्यायला आला. ठाण्याला नौपाड्यात त्याचं चांगलं बिऱ्हाड, मुलगा सज्जन. खाली टांगा उभा, ट्रंक दोरीने बांधून दारात. रविवारच होता. आप्पांनी मला बोलावणं पाठवलं: शेवटची बैठक आहे, तुमचं एक काम शिल्लक आहे.

मी गेलो. बापू दारात घड्याळ बघत उभा. खोलीत आप्पा आणि मी.

"बसा," आप्पा म्हणाले. "जाण्याआधी तुमचा ठराव निकालात काढतो. घासाघीस बंदी कायदा रद्द करावा, असा. बाकी कुणी सभासद नाहीत, तेव्हा अडचण येणार नाही."

"आज कसं सुचलं?"

"तुमच्यावर अन्याय झाला म्हणून नव्हे. कायदा उत्तम होता." त्यांनी कोटाचं बटण उगाच सोडून पुन्हा लावलं. "भांडीवाले, दरबारात मी जन्मभर सभा लिहिली. राजेसाहेब विचारायचे, 'कुणाची हरकत?' की सगळ्या माना खाली. मी दरवेळी टाक बुडवून तयार बसायचो, आज तरी कुणी नाही म्हणेल. शाई टाकावरच वाळायची. 'नाही' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला तो या खोलीत. दर रविवारी ऐकला. माझं काम झालं. असो." ते पाटावर ताठ झाले. आवाज एकदम सभेचा झाला. "कायदा रद्द करण्याचा ठराव सभेपुढे आहे. कुणाची हरकत?"

इतकी वर्षं मी ज्यासाठी घसा फोडला, ते माझ्यापुढे ताटात वाढून ठेवलं होतं. फुकट. खाली टांग्याचा घोडा खुरं आपटत होता.

"आहे," मी म्हणालो.

"कुणाची?"

"माझी."

आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठराव तुमचाच आहे."

"असेल. घाईत मंजूर होतोय. चर्चा नाही, काही नाही. हे मला चालणार नाही. मला बोलायचंय."

"काका," बापू दारातून म्हणाला, "टांगा खोळंबलाय. गाडी चुकेल."

आप्पा वळले. त्यांचे डोळे पाणावले होते की सकाळच्या उन्हाने चमकत होते, मला नाही सांगता येत. आवाज मात्र खणखणीत होता. "बापू, सभागृहात विरोध आहे. सभापतींना असं उठून जाता येत नाही."

बापूने हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. "शेठ, किती वेळ लागेल तुम्हाला?"

"सांगता येत नाही. मला थोडक्यात बोलायची सवय नाही. आजच्या आज संपेल असं दिसत नाही."

बापूने ट्रंकेची दोरी सोडली, ती आत सरकवली आणि एकटाच टांग्यात जाऊन बसला.

तो कायदा अजून लागू आहे. सोनूबाय सांगेल तो भाव मी देतो आणि घरी येऊन दातओठ खातो. आमची ही हसते. हसू दे. माझा आप्पांवरचा राग कमी झालेला नाही, आणि तो मी दर रविवारी त्यांच्या तोंडावर सांगून येतो. मुद्दे केव्हाच संपले आहेत. दुकानात गिऱ्हाइकं बघता बघता नवे शोधावे लागतात.

परवा मी वैतागून म्हणालो, "आप्पा, अजून किती रविवार चालायचं हे?"

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"बोला," म्हणाले, "सावकाश बोला."