तुमचा कोणी नाही, पण एक्स्पोसितो

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) एक्स्पोसितो दर रविवारी सकाळी अकरा वाजता एका अनोळखी माणसाला फोन करायचे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की त्यांचं पहिलं वाक्य आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. मला स्पॅनिश येत नाही, पण ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं, आणि मग एकदा त्यांच्याकडूनच अर्थ विचारून घेतला.

"नमस्कार. मी एक्स्पोसितो. मी तुमचा कोणीही नाही, तरी फोन केला."

पलीकडच्या माणसाचं आडनावही एक्स्पोसितोच असायचं. बहुतेक जण लगेच फोन ठेवत. काही जण शिव्या घालत. पण महिन्यातून एखादा असा भेटायचा, की आमचा वरण-भात होऊन भांडी घासून झाली तरी खाली गप्पा चालूच असायच्या.

ही २०१०नंतरची गोष्ट. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएच.डी. संपवून मी तिथल्याच एका संस्थेत लागलो होतो. नुकतंच लग्न झालं होतं. मुग्धा पुण्याहून आली आणि आम्ही जुन्या चार मजली इमारतीत घर घेतलं. गादी डोक्यावर घेऊन आम्ही दोघं दारातून आत शिरत होतो, तर घंटांशेजारच्या नावांच्या पाट्यांसमोर एक सडपातळ म्हातारा भिंग लावून उभा. टाय, कोट आणि पायात सपाता.

"हे तुमचं?" आमच्या पाटीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं. "दा-हि-बा-ते. याचा अर्थ काय?"

"आडनाव आहे," मी गादीखालून म्हणालो.

"आडनाव आहे ते दिसतंय. अर्थ?"

दहीभाते या आडनावाचा अर्थ जर्मनमध्ये सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. योगुर्ट, मी म्हटलं. आणि राइस. शाळेत या आडनावावरून माझी जी काही शोभा झाली होती ती आठवून मी पुढच्या हसण्याची वाट पाहत होतो. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"म्हणजे तुमच्या घराण्यात कधीतरी कोणीतरी पोटभर जेवलं होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि शेजाऱ्यांना ते लक्षात ठेवावंसं वाटलं. वुंडरबार! फारच छान!"

माझ्या आडनावाचा इतका मान माझ्या वडिलांनीही कधी ठेवला नव्हता.

"आणि तुमचं?" मुग्धानं गादीचं दुसरं टोक सावरत विचारलं. ती तेव्हा जर्मन शिकत होती आणि बोलायची संधी सोडत नसे.

"माझं? बाहेर ठेवलेला."

मग त्या जिन्यात, गादी डोक्यावर असतानाच, आमचा पहिला पाठ झाला. पूर्वी स्पेनमध्ये मठांच्या आणि अनाथालयांच्या भिंतीत एक लाकडी चाक बसवलेलं असे. ज्या बाईला मूल वाढवता येणार नसेल ती अंधारात यायची, मूल चाकात ठेवायची, घंटा वाजवायची आणि निघून जायची. आतली जोगीण चाक फिरवायची. आईचा चेहरा तिला दिसायचा नाही, तिचा आईला. मुलाला नाव मिळायचं एखाद्या संताचं आणि आडनाव मिळायचं एक्स्पोसितो. लॅटिनमधून आलेलं. बाहेर ठेवलेलं.

"तुमचं आडनाव सांगतं की तुम्ही काय खाल्लं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं सांगतं की तो कुठून आला. आमचं सांगतं की विचारू नका."

एवढं बोलून त्यांनी गादीचा एक कोपरा धरला आणि सपाता घालून तीन मजले चढले.

हेर एक्स्पोसितो साठच्या दशकात कामगार म्हणून जर्मनीत आले, एका ओतकामाच्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं भट्टीसमोर उभे राहिले आणि निवृत्त झाले. आम्ही राहायला यायच्या वर्षभर आधी त्यांची बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. शिक्षण म्हणाल तर गावातल्या शाळेत चार वर्षं. पण त्या एका आडनावाबद्दल त्यांना जे माहीत होतं ते ऐकून मला माझ्या प्रबंधाची लाज वाटायची.

एक्स्पोसितो कुठे जास्त, कुठे कमी, हे ते जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, मिरीदाणी आणि ऑलिव्हच्या बिया मांडून दाखवायचे. ही आंदालुसिया, इथे भरपूर. हा वरचा कोपरा गालिसिया, इथेही. कारण? गरिबी होती आणि मोठी अनाथालयं होती. मग एक बी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला: ही अर्जेंटिना, बोटीनं गेले. आणि हे नेपल्स. तिथे तर एस्पोसितोंचा बाजार भरलाय.

आमच्या गल्लीच्या टोकाला पिझ्झावाला होता, तोही एस्पोसितो. त्याला हे 'पाण्यापलीकडचा' म्हणत. "तुझा एक्स येताना समुद्रात पडला," असं त्याला दर वेळी ऐकवत आणि तो दर वेळी "मग तुम्ही उचलून ठेवा, मी न्यायला येतो," म्हणे. दोघांचं हे संभाषण मी किमान पन्नासदा ऐकलं. दोघंही प्रत्येक वेळी नव्यानं हसायचे.

त्यांचं खरं युद्ध चालायचं ते स्वराघाताच्या चिन्हाशी. त्यांच्या आडनावातल्या पहिल्या 'ओ'वर एक छोटी तिरकी रेघ असते. जर्मन संगणक ती गिळून टाकायचे. इमारतीच्या व्यवस्थापनानं पाटी बदलली की दुसऱ्या दिवशी हेर एक्स्पोसितो काळं पेन घेऊन खाली उतरत आणि रेघ मारत. नगरपालिकेच्या खिडकीवर एका कर्मचाऱ्यानं त्यांना सांगितलं, "एवढीशी तर रेघ आहे."

"आल्झो, असं करू," हे म्हणाले, "तुम्ही तुमच्या म्युलरवरचे दोन ठिपके काढा. मी माझी रेघ काढतो. एकदमच."

त्या माणसाचं आडनाव खरोखरच म्युलर होतं. रेघ मिळाली.

गणपतीत विद्यापीठाच्या मराठी मुलांनी एक हॉल घेतला होता. मी त्यांना घेऊन गेलो आणि पस्तावलो. दर्शन राहिलं बाजूला, ते दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचं आडनाव विचारून मला भाषांतर करायला लावत होते. एका वाघमारेला त्यांनी हात मिळवून विचारलं, "किती मारले?" सातपुते नावाच्या मुलाला सात भाऊ नसून एकच बहीण आहे हे कळल्यावर ते खरोखर हळहळले. आणि 'कर'वाल्यांचा तर त्यांना हेवा वाटला. "प्रत्येकाच्या खिशात एकेक गाव!" ते म्हणाले. मोदक खाताना मात्र ते शांत होते. तीन खाल्ले आणि हळूच चौथ्याकडे बघून म्हणाले, "याचं आडनाव कुणी लावत नाही?"

पण ते रविवारचे फोन कशासाठी, हे आम्हाला उमगत नव्हतं. त्यांच्याकडे स्पेनच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या होत्या, कुणाकुणाकडून मागवलेल्या. एक रेघांची वही होती. त्यात गावाचं नाव, माणसाचं काम, आणि शेवटच्या रकान्यात 'हसले' किंवा 'नाही हसले'.

"बिचारे आपली माणसं शोधतायत," मुग्धा म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. एकदा कॉफी पिताना मी जपून विषय काढला. म्हटलं, हल्ली लाळेच्या तपासणीवरून नातेवाईक सापडतात म्हणे.

"नातेवाईक?" ते चकित झाले. "हेर दाहिबाते, प्रत्येक चाकातलं मूल वेगळ्या आईचं. आमचं हे जगातलं असं एकच कुळ आहे की ज्यात कुणाचं कुणाशी नातं नाही. नाव बदलायची मुभा देणारा कायदा झाल्यावर लोकांनी ते टाकूनही दिलं. लाज वाटायची. जे उरले त्यांना मी फक्त विचारतो, बरे आहात ना?"

"पण कशासाठी?"

"कुणीतरी विचारायला नको?" ते म्हणाले, आणि विषय बदलला.

आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सकाळी सातला दाखल व्हायचं होतं. आदल्या दिवशी चष्मा फुटला, म्हणून कागद वाचायला मी बरोबर गेलो. रुग्णालयाच्या खिडकीवर त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी ओळखपत्र काढलं आणि फॉर्मवर नाव लिहायला लागलो. जर्मन ओळखपत्रावर आडनावाच्या खाली जन्मावेळचं आडनाव छापतात, बदललेलं असेल तर. तिथे लिहिलं होतं: जन्मनाव काबायेरो.

मला वाटलं मी चुकीचं कार्ड काढलं. फोटो त्यांचाच होता.

फॉर्म देऊन आम्ही बाकावर बसलो. मी पाकीट परत दिलं. तेच म्हणाले, "वाचलंत ना?"

"हो. काबायेरो म्हणजे काय?"

"घोडेस्वार. सरदार. हल्ली नुसतं सभ्य गृहस्थ. स्पेनमध्ये पुरुषांच्या शौचालयावर लिहिलेलं असतं." ते हसले. मग गुडघ्यावर हात ठेवला.

"एक्स्पोसितो पिलारचं," ते म्हणाले. "माझ्या बायकोचं. तिचे आजोबा चाकातले. तिचे वडील युद्धात गेले, आई नंतर. त्या नावाची ती एकटीच उरली होती. गावात सगळ्यांना माहीत. माझी आई म्हणाली, जिच्या घराण्याचा पत्ता नाही ती या घरात नको. काबायेरोंच्या घरात! दोन शेळ्या होत्या आमच्याकडे. मी म्हटलं बरं, आणि आम्ही दोघं गाडीत बसून इकडे आलो."

"आणि नाव?"

"स्पेनमध्ये लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. पिलार इथे शिवणकाम करायची. कुणी नाव विचारलं की 'पिलार' म्हणायची आणि थांबायची. आडनाव गिळायची. इतकी वर्षं मी ते बघत होतो. मग आम्ही जर्मन नागरिक झालो. कचेरीतल्या बाईनं विचारलं, दोघांना मिळून एक आडनाव घ्यायचं असेल तर घेता येईल, कुठलं लिहू? मी म्हटलं, एक्स्पोसितो. तिला वाटलं मला जर्मन नीट कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. पिलारनं टेबलाखालून अशी लाथ मारली! हाच गुडघा."

त्यांनी गुडघ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"घरी येईपर्यंत भांडली. म्हणाली, सरदाराचा भिकारी झालास, वेडा आहेस. मी म्हटलं, हे नाव तू एकटीनं फार दिवस उचललंस. जड आहे. एक बाजू मी धरतो."

समोरून एक परिचारिका कुणाला तरी चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली.

"शेवटी आजारी पडली तेव्हा एकदा म्हणाली, आन्सेल्मो, माझ्याबरोबर हे नाव संपणार. मी म्हटलं, थांब, बघू कुठे संपतंय. डिरेक्टरी मागवली. रविवारी तिच्या पलंगाशी बसून फोन लावला, ती ऐकेल असा. पहिल्यानं शिवी दिली. दुसऱ्यानं ठेवून दिला. तिसरी गालिसियातली मासे विकणारी बाई. तिला वाटलं मी मासे मागवतोय. किलोचा भाव सांगत बसली. पिलार इतकी हसली, इतकी हसली, की तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, 'मी पिलार एक्स्पोसितो बोलतेय.' पूर्ण. मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं मी ते."

मी बाकावर त्यांच्याकडे सरकलो.

"नंतर चार महिने होती ती," ते म्हणाले. "सतरा रविवार."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. कोट माझ्याकडे देऊन ते लंगडत, ताठ मानेनं आत गेले.

ऑपरेशन नीट झाल्याचं दुपारी कळलं. घरी जाऊन मी मुग्धाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी बाजूला ठेवून ऐकत राहिली. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "मी सरदेशमुख होते. आता दहीभाते आहे. मला कुणी टेबलापाशी बसवून विचारलं नव्हतं."

ती रागावलेली नव्हती. "मीही विचारलं नाही," एवढंच म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली, गॅस बंद केला, कोट चढवला आणि बस पकडून रुग्णालयात गेली. मी यायला निघालो तर म्हणाली, तू राहा.

साडेसातला परत आली. हात गार पडले होते, ते हीटरवर धरून उभी राहिली.

"कसे आहेत?"

"भूल पुरती उतरली नव्हती. डोळे मिटून पडले होते. मी शेजारी बसून हात धरला, तर त्यांनी घट्ट धरून ठेवला. मग स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मला त्यातलं एकच कळलं, पिलार."

"मग?"

"मग मी 'सी' म्हटलं," मुग्धा म्हणाली. "हो म्हणायला काय म्हणतात, तेवढंच येतं मला."