नानांनी कावळ्याला दिलेला शब्द

कोणी गेल्याचं कळलं की आमचे नाना आधी टोपी शोधतात आणि कोण गेलं ते वाटेत विचारतात.

नाना म्हणजे माझे घरमालक. मी मूळचा नांदेडकडचा, नोकरी हिंजवडीत, आणि सूसमध्ये त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. नानांच्या जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, गुरं विकली, पोरं बाणेरला फ्लॅटात गेली. आता उद्योग एकच, मयतीला जायचं. "मानसानं येकटं जाऊ ने. चार टाळकी तरी दिसाया पायजेत," हे त्यांचं पालुपद.

हेतू लाख चांगला हो, पण माणूस नेमका कोण याची चौकशी नको का करायला? एकदा हार घेऊन महाळुंग्याला गेले, तर ज्याच्यासाठी हार घेतला तो ओट्यावर चहा पीत बसलेला. गेला होता त्याचा चुलतभाऊ. नाना गडबडतात कसले! हार त्याच्याच गळ्यात घातला. "सहज आलतो, म्हनलं सत्कार करावा," म्हणाले आणि कपभर चहा पिऊन उठले.

दहाव्याचा किस्सा तर साऱ्या सूसला पाठ आहे. कावळा पिंडाला शिवेना, की गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजून घरचे हात जोडून शब्द देतात. त्या दिवशी नदीघाटावर दोन दहावे होते. नाना भलत्याच घोळक्यात उभे राहिले. कावळा येईना, तसे पुढं सरसावले. "आप्पा, बिनघोर जावा! धाकट्याचं लगीन याच वर्साला उरकतो. पोरगी मी सवता बघतो!"

आणि कावळा आला की हो! त्या घरच्या धाकट्याला दोन पोरं होती. तो कावळ्याकडं बघत राहिला आणि त्याची बायको त्याच्याकडं. नानांना चूक सांगितली तर म्हणतात, "पन शिवला का न्हाई? मग झालं!"

मी हे किस्से ऑफिसात रंगवून सांगायचो. मग यंदा माझी आई गेली. उपचारासाठी तिला इकडं आणलं होतं. "जिथं जाईन तिथंच कर, धावपळ नको," असं तिनंच बजावलेलं. जवळचं माणूस म्हणजे एक बहीण. मला धास्ती पडली, आईला खांदा द्यायला चौघं कुठून आणू?

तासाभरात अंगणात चप्पल काढायला जागा उरली नाही. "आमच्या इंजिनेरची आई म्हंजी गावाची आई," असं सांगत नाना घरोघर फिरले होते.

दहाव्याला मात्र कावळा शिवेना. बहिणीला दर दिवाळीला आणीन म्हणालो, वेळेवर जेवीन म्हणालो, जे जे आठवलं ते सगळं कबूल केलं. कावळा भिंतीवर बसून राहिला. आईच्या मनात काय राहिलं हे पोटच्या पोराला ठाऊक नसावं? मला रडू फुटलं.

तेव्हा नाना पुढं झाले. मी मनात म्हटलं, आता माझं लग्न ठरतंय. पण नानांचा आवाज एकदम खाली गेलेला.

"कारभारनी, बीपीची गोळी रोज घेतोय. उपाशी भाईर पडत न्हाई. तुजी तुळस जित्ती हाय. तवा तुज्यासंगं चार टाळकी बी न्हवती गं. मला बी येऊ दिलं न्हाई. जा आता, घोर करू नगंस."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. कारभारीण? आमची आई? मग मला उमगलं. नानी करोनात गेल्या. दवाखान्यातून परस्पर नेल्या, ना खांदा, ना दहावा.

कावळा भिंतीवरून उतरला आणि शिवला. कोणाच्या शब्दाला, देव जाणे.

परतताना नानांनी विचारलं, "काय चुकलं का रं माजं?"

"काही नाही नाना," मी म्हणालो आणि त्यांच्या पाया पडलो. या माणसाचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

त्यांना घरात सोडायला गेलो, तर भिंतीतल्या देवळीत बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. एकही गोळी काढलेली नाही!

आता रोज सकाळी ऑफिसला निघताना मी खाली थांबतो. "नाना, गोळी?"

"घेतो रं. लई मागं लागतुयास."

मी पाण्याचा तांब्या हातात देतो आणि ती गिळेपर्यंत हलत नाही. शब्द माझ्या आईच्या पिंडापुढं दिलाय त्यांनी.