अर्ध्या दाताची सर्व्हिस बुकातली नोंद

माणसाला दात बत्तीस असतात. त्यांपैकी लोकांना दिसतात ते फार तर आठ. उरलेले चोवीस नुसते चावण्याच्या कामाचे, म्हणून त्यांच्याविषयी कोणी मत देत नाही. समाजातली सारी इभ्रत त्या आठांवर उभी असते, आणि अमरावतीच्या आमच्या कचेरीचा कारभार काही काळ त्यांतल्या एका अर्ध्या दातावर उभा होता.

तो दात देवमनचा. देवमन आमचा आवक-जावक कारकून. सन १९६१च्या उन्हाळ्यात अकोल्याहून आलेल्या कागदांच्या एका बस्त्याची गाठ त्याला बोटांनी सुटेना. कचेरीत कात्री होती, पण ती हाती येण्यासाठी मागणीपत्र भरावे लागे. म्हणून आमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने गाठ दातांनी ओढली. गाठीवर लाखेचे सील होते. सील शाबूत राहिले (सरकारी लाख उत्तम असते) आणि वरचा पुढचा दात अर्धा उडाला.

याचा पहिला परिणाम असा की देवमन हसताना तोंडावर हात धरू लागला आणि सभ्य माणूस म्हणून त्याचे नाव झाले. दुसरा परिणाम याहून मोठा. पाच वर्षे तो नोकरीत कायम होत नव्हता, कारण त्याच्या सर्व्हिस बुकात 'ओळखचिन्ह' हा रकाना कोरा होता. अंगावर ना तीळ, ना व्रण. असा निर्दोष माणूस सरकारी नोकरीत ओळखायचा कसा, ही बडे बाबू खुशालराव यांची अडचण रास्तच होती. आता त्यांनी चष्मा लावून दात पाहिला, पट्टीने मोजला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : 'वरचा पुढचा उजवा दात अर्धा तुटलेला.' महिन्याभरात कायमपणाचा हुकूम निघाला.

नोकरी कायम झाली तशी स्थळे येऊ लागली. त्यांत बडनेऱ्याचे पंचफुलाचे स्थळ होते. मुलगी मास्तरीणबाईंचे ट्रेनिंग संपवत आलेली, मामा धर्मपाल रेल्वेत कारकून. देवमनने तिला बुद्धजयंतीच्या सभेत भाषण करताना पाहिले होते. तेव्हापासून तो कोऱ्या लिफाफ्यांवर काही कारण नसताना बडनेऱ्याचा पत्ता लिहीत असे. मुलाला पाहायचा रविवार ठरला आणि त्याची झोप उडाली.

कचेरीत माणसे एकोणीस, सल्ले आले सत्तावीस. सोन्याची टोपी बसव. चांदूर बाजारच्या एका अडत्याच्या तोंडात ती दुकानाच्या पाटीसारखी शोभते. शेजारचा दात कानशीने घासून बरोबरीचा कर (हे काम नेटाने चालू ठेवल्यास शेवटी सगळे दात सारखे होतात, यात शंका नाही). मिशी वाढव. हसूच नको, कायम नोकराला त्याची गरज पडत नाही.

खुशालरावांनी मात्र सगळ्यांनाच खोडून काढले. दात आता देवमनचा राहिलेला नाही, तो दप्तरी दाखल झाला आहे, असे त्यांनी समजावले. दात दुरुस्त केला की ओळखचिन्ह गेले, चिन्ह गेले की ओळख गेली, आणि ओळखच नसलेल्या माणसाला कायम कसे ठेवणार? कायम नसलेल्याला मुलगी कोण देणार? म्हणजे दात कामाच्या दिवशी तुटका हवा आणि रविवारी अख्खा.

देवमन मग जुन्या मोटार स्टँडजवळच्या मुनव्वरभाईंकडे गेला. ते काचेच्या पेटीत कवळ्या मांडून बसत आणि गिऱ्हाइकाचे पूर्ण ऐकून घेत.

"मियाँ, दात एक अन् मालक दोन," ते म्हणाले. "काढता-घालता येईन अशी टोपी देतो."

टोपी सुरेख झाली. सूचना मोजक्याच होत्या : सुपारी नको, शेव नको, गरम चहा नको, फार बोलणे नको, हसणे तर नकोच. एवढे पाळले तर तोंड उघडायला काहीच हरकत नव्हती.

रविवारी मी वडीलधारा म्हणून बडनेऱ्याला मुलीच्या घरी बरोबर गेलो. देवमनने चिवड्याला हात लावला नाही, चहा निवू दिला, प्रश्नांना मानेने उत्तरे दिली. मुलीची आई दुर्गाबाई यांना पोरगा फार गरीब स्वभावाचा वाटला. मग देवमनने कायमपणाचा पुरावा म्हणून सर्व्हिस बुकातल्या पानाची नक्कल अभिमानाने पुढे केली. धर्मपाल रेल्वेचा माणूस. कागद आणि प्रवासी जुळवून पाहण्याची त्यांना सवय होती.

"हा कागद तुमचा नाही वाटत," ते म्हणाले. "याच्यातल्या मानसाचा दात तुटेल हाय."

देवमनने भिंतीकडे तोंड केले, टोपी काढून खिशात टाकली आणि तोंडावर हात धरून परत फिरला. धर्मपालांनी बोटांच्या फटीतून खात्री करून घेतली. माणूस जुळला. रेल्वेच्या बाजूने प्रश्न मिटला होता, तेवढ्यात पंचफुला दारातून पुढे आली.

"हात काढा तोंडावरचा," ती म्हणाली. त्याने काढला. "तुटक्या दाताचं मले काही नाही. पन कचेरीत एक अन् घरी एक, असं मले नाही चालत. कोनता ठेवता, थे सांगा."

खरे तर 'हाच' एवढेच म्हणायचे होते. कचेरीला तुटका चालत होता, तिलाही चालत होता. दोन अक्षरे, अर्ध्या दातातूनही निघतात. देवमनचे डोळे भरून आले. पाच वर्षांची सवय मात्र त्याच्याआधी बोलली.

"कचेरीले इचारून सांगतो."

ती आत गेली. मी शेजारीच होतो आणि त्या वेळी मला ते उत्तर नियमाला धरून वाटले, याचे आज वाईट वाटते.

सोमवारी त्याने रीतसर अर्ज केला. सात महिन्यांत चार शेरे पडले (एकात, तुटलेला तुकडा अर्जासोबत का जोडला नाही, अशी विचारणा होती). आठव्या महिन्यात उत्तर आले : 'अर्जदाराने पसंतीचा दात ठेवण्यास हरकत नाही.' तोवर पंचफुला धामणगाव रेल्वेच्या शाळेत शिकवू लागली होती. तिचा नवराही मास्तर आहे. त्याच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत आणि तो ते कोणापासून लपवत नाही.

देवमनची टोपी अजून टेबलाच्या खणात आहे. ही गोष्ट मी जिथे सांगतो तिथे लोक हसतात, आणि बहुतेक जण तोंडावर हात धरूनच हसतात. तुम्हीही हसला असाल. माझी काही तक्रार नाही, फक्त तो हात तेवढा काढा. हवे तर कचेरीला विचारून काढा.